गाडी ‘व्हाया’ झाली अन् नागपूर राहून गेलं

खामल्याची_प्राजू

मंडळी, काल मेसेज आला. ‘यार्डातील नॉन इंटरलॉकिंग कामामुळे आपली गाडी परिवर्तित मार्गाने, इटारसी–जबलपूर–गोंदिया–बल्लारशाह अशी धावेल, गैरसोयीबद्दल खेद आहे.’ बस, एवढंच. यात नागपूर कुठं आहे? नाहीचे. पण तसं कुठं सरळ लिहिलेलं नाही, ते आपण नकाशा डोळ्यासमोर आणून ओळखून घ्यायचं. मी आईला म्हटलं गाडी आपल्याकडं येणारच नाहीये, तर ती म्हणते अगं गोंदिया लिहिलंय ना, मग पुढं नागपूरच येणार. तिचं काय चुकलं? आपण सगळे गोंदियाहून नागपूरलाच येतो, गोंदियाहून खाली वडसा-नागभीडवरून बल्लारशाला एक लाइन जाते हे किती जणांना माहीत असतं.

आई आणि मावशीला घेऊन तिरुपतीला जायचंय, तिकिटं बुकिंग उघडलं त्या दिवशी काढलेली, खालचे बर्थ मिळालेले, आता दुसऱ्या कुठल्याच गाडीत वेटिंगशिवाय काही नाही. ते माझं मी बघेन, त्याबद्दल खाली विचारतेच.

पण धागा काढला तो जरा वेगळ्या रागातून. कामाला माझा विरोध नाहीये. सेवाग्राम ते नागपूर या पट्ट्यात मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई असे दोन्ही मोठे मार्ग एकाच रुळांवरून धावतात, म्हणजे सिंदी-बुटीबोरीला काही खुट्ट झालं की देशाच्या चारी टोकांना ते कळतं. तिथं तिसरी-चौथी लाइन पाहिजेच. माझं म्हणणं एवढंच आहे की ‘व्हाया अमुक तमुक’ लिहिता तेव्हा कोणती स्टेशनं सुटणार तेही लिहा ना. ज्याला नागपुरात चढायचंय त्याला ‘तुमच्या स्टेशनवर गाडी येणार नाही’ हे पाच शब्द सांगायला काय जातं? तिकिटावर माझं बोर्डिंग स्टेशन लिहिलेलं आहे, मेसेज पाठवणाऱ्या कॉम्प्युटरला ते माहीत आहे, तरी सगळ्यांना एकच मेसेज.

आता प्रश्न. टीडीआर (म्हणजे तिकिटाचे पैसे परत मागायचा अर्ज) भरून पैसे घ्यायचे आणि विषय संपवायचा, की गाडी कुठंतरी गाठायची? कुणी असं केलंय का?

तर्री_पोहे

काहून टेन्शन घेऊन राह्यली ताई, बालाजी बोलावल तवाच जानं होते. जबलपूर फिरून गोंदियाले येनाऱ्या गाडीले नागपूरचं येक वळन जड होऊन राह्यलं का, असं वाटते खरं. पन सिरियसली, मागल्या साली आमच्या लग्नाच्या वऱ्हाडाची गाडी अशीच वळली होती. नवरदेवाचा मामा बडनेऱ्यालेच राह्यला अन् गाडी नरखेडवरून निंघून गेली. मामा म्हने मी प्लॅटफॉर्मवरच होतो. हाव ना बाप्पा, पन गाडी नोती ना प्लॅटफॉर्मवर.

लाल_बावटा

प्राजू बेटा, मी सिग्नल खात्यातून रिटायर झालो, आता प्रतापनगरला असतो. राग बरोबर आहे तुझा, मेसेजबद्दलचा तर शंभर टक्के. पण लोक म्हणतात की दोन रूळ जोडायला गाड्या कशाला वळवता, त्याबद्दल थोडं सांगतो, कारण रूळ जोडणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग असतो.

इंटरलॉकिंग म्हणजे सिग्नल, पॉइंट (गाडी एका लाइनवरून दुसरीवर नेणारा सरकता रूळ) आणि लाइन हे एकमेकांना बांधून ठेवलेले. पॉइंट नीट बसून लॉक झाल्याशिवाय सिग्नल उतरतच नाही, आणि एका गाडीला रूट दिला की त्याला आडवा जाणारा दुसरा रूट स्टेशन मास्तरनं कितीही बटणं दाबली तरी लागत नाही. माणूस चुकला तरी यंत्रणा चुकू देत नाही, असं ते आहे. आता यार्डात नवीन लाइन आणायची म्हणजे नवे पॉइंट आले, नवे सिग्नल आले, ट्रॅक सर्किट आले, मग जुनं सगळं बांधलेलं सोडवून नव्यानं बांधावं लागतं. ते सुटलेलं असतं तेवढे दिवस म्हणजे एनआय, नॉन इंटरलॉकिंग. त्या दिवसांत पॉइंट क्रँक हँडलनं हातानं फिरवायचा, जीभ रुळाला चिकटली का ते वाकून बघायचं, क्लॅम्प मारायचा, कुलूप घालायचं, किल्ली ताब्यात घेऊन मास्तरला फोनवर प्रायव्हेट नंबर (काम झाल्याची खात्री देणारा आकडा) द्यायचा, तो मास्तरनं लिहून घ्यायचा, मग ड्रायव्हरला कागद, हिरवा झेंडा, आणि गाडी पंधराच्या स्पीडनं आत. दुसरी गाडी दुसऱ्या लाइनवर घ्यायची तर हे सगळं पुन्हा पहिल्यापासून. रात्री दोन वाजता, टॉर्च दातात धरून, थंडीत ते कुलूप उघडत नाही तेव्हा काय होतं ते आम्हाला विचारा. एका पॉइंटवर दोन माणसं धरली तरी मोठ्या यार्डाला किती माणसं लागतील हिशोब करा. अशा यार्डातून रोजच्या सगळ्या गाड्या जाऊच शकत नाहीत, निम्म्याही नाही. म्हणून वळवतात.

आणि इंटरलॉकिंग नसलं की काय होतं ते बघायचं असेल तर इटारसी आठवा. १७ जून २०१५ ला इटारसीचं रूट रिले केबिन, म्हणजे यार्डाचे सिग्नल-पॉइंट चालवणारी केबिन, जळालं. रूळ जागेवर, वरची तार जागेवर, इंजिनं जागेवर, तरी महिन्याच्या वर गाड्या रद्द आणि वळवलेल्या, ऐन सुट्ट्या संपायच्या वेळेला. नागपूर स्टेशनवर तेव्हा चौकशीच्या खिडकीपुढं जे लोक बसलेले असायचे ते मी रोज बघत होतो.

तर्री_पोहे

काका सलाम. हे कोनी सांगतच नाई आमाले. आमी समजतो का गँगमन लोकं झोपले हायेत.

मोर्शी_संत्रा

व्हाया नरखेडवाल्यांची बाजू पण ऐका. नरखेड-बडनेरा ही १३८ किलोमीटरची लाइन, वरूड, मोर्शी, चांदूर बाजार असं आमच्या संत्र्याच्या पट्ट्यातून जाते. एरवी आमच्याकडं गाड्या मोजक्या. पण वर्धा-बडनेरात काही झालं की आमची लाइन एकदम दादर होऊन जाते. ऑक्टोबर २०२२ मध्ये दिवाळीत मालखेड-टिमटाळ्याजवळ कोळशाची मालगाडी घसरली, वीस डबे, तेव्हा बघायला पाहिजे होतं. ज्या गाड्यांची नावं आम्ही फक्त टाइमटेबलात वाचली होती त्या अंगणासमोरून जात होत्या.

पण एक लाइन आहे हो. सिंगल. समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला लूपमध्ये, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या लाइनवर, उभं राहावं लागतं आणि या लांब गाड्या, स्टेशन छोटं, पुढचे दोन डबे प्लॅटफॉर्मच्या पुढं, मागचे चार तुरीच्या शेतापाशी. एकदा अशीच एक गाडी अडीच तास उभी होती. एसीतले लोक हळूहळू खाली उतरले, कुणी रुळाच्या कडेला गिट्टीवर उकिडवे बसले, लहान पोरांना दूध पाहिजे होतं, स्टेशनवर टपरी पण नाही. गावातली पोरं सायकलवर कॅन घेऊन आली पाण्याचे, एका काकूंनी घरून पोळ्या आणि तिखट आंब्याचं लोणचं पाठवलं. आणि गार्डसाहेबांना जो तो विचारतो, हे कोणतं गाव, तर गार्डला पण दोनदा बोर्ड बघून सांगावं लागलं. बरं आमचे लोक, ज्यांना त्याच गाडीनं पुढं जायचं असतं, त्यांना चढायची परवानगी नाही, कारण थांबा नाही. गाडी अडीच तास उभी आहे पण ‘थांबा’ नाही. हसावं का रडावं.

गोंदियाकरीण

सगळे मेल-एक्सप्रेसचं बोलून राहिलेत म्हणून मी येते मध्ये. तुमची गाडी वळवतात तरी. आमची मेमू, म्हणजे रोज ये-जा करणाऱ्यांची लोकल गाडी, वळवत नाहीत, सरळ रद्द करतात.

मी रोज तुमसर रोडहून नागपूरला येते. राजनांदगाव ते कळमना तिसरी लाइन, २२८ किलोमीटरचं काम, हे सुरू झाल्यापासून कधी कन्हान, कधी कामठी, कधी डोंगरगड, कधी कळमना, कुठं ना कुठं ब्लॉक (कामासाठी लाइन बंद) असतोच, आणि यादीत सगळ्यात आधी आमची मेमू. असं का ते मला माहितीये, लांबची गाडी रद्द केली की पेपरात येतं, खासदार पत्र लिहितात. मेमू रद्द झाली की भाजीवाली बाई टोपली घेऊन परत घरी जाते, तिचं पत्र कोण लिहिणार. माझ्या डब्यात कामठी-इतवारीला धुणीभांडी करायला येणाऱ्या बायका आहेत, दवाखान्यात आया आहेत, शिवणकाम करणाऱ्या आहेत. पंधरा दिवस गाडी नाही म्हणजे पंधरा दिवस एसटीचं तिकीट किंवा पंधरा दिवस बिनपगारी. ज्यांच्याकडं मी नोकरी करते त्यांनी तर सांगून टाकलं, तुमच्या गाडीचा आमच्याशी काय संबंध.

आणि पास? पास काढलेला असतो महिन्याचा. सुपरफास्ट समोरून धडधडत जाते, तिच्यात आम्हाला पाय ठेवता येत नाही.

गर्डर_आणि_गिट्टी

मी या कामांच्या साइटवर असतो, कंत्राटदाराच्या बाजूनं, त्यामुळे शिव्या खायची सवय आहे. पुलाबद्दल बोलतो, कारण यार्डाचं काकांनी सांगितलं.

पुलाचा गर्डर बदलणं म्हणजे चालू चुलीवर भांडं असताना ओटा फोडून नवा बांधायचा, तसं आहे. नवा गर्डर बाजूला तयार ठेवलेला असतो कित्येक महिने आधीपासून. ब्लॉक मिळाला की आधी वरच्या तारेची वीज बंद करून अर्थिंग, मग रूळ कापायचा, जुना गर्डर क्रेननं किंवा जॅकवर सरकवून बाहेर, बेअरिंग साफ, नवा आत, लेव्हल, रूळ जोडायचा, गिट्टी, पॅकिंग. आणि हे सगळं घड्याळ लावून. ब्लॉक मागितलेला असतो तेवढा मिळतोच असं नाही, कारण आधीची गाडीच लेट आलेली असते. आम्ही शंभर माणसं क्रेनखाली उभी, आणि समोर सिग्नल हिरवा, कारण एक लेट गाडी अजून जायची आहे. ती गेल्यावर ब्लॉक, पण संपायची वेळ तीच!

काम झालं की लोकांना वाटतं झालं, आता सोडा गाड्या. पण ताज्या गिट्टीवर लगेच शंभरच्या स्पीडनं गाडी नेता येत नाही. आधी वीस, मग गिट्टी दाबून बसवणारं टॅम्पिंग मशीन फिरवून थोडी वाढवायची, गाड्यांच्याच वजनानं गिट्टी बसत जाते तसतशी अजून वाढवायची. तेवढे दिवस कॉशन, म्हणजे गाडी हळू न्यायची सूचना. म्हणून काम संपल्यावरही तुमची गाडी वीस मिनिटं खाते.

बरं हे उन्हाळ्यात का नाही करत, सुट्टीत का करता, हा दुसरा प्रश्न कायम येतो. अहो नागपूरचा मे महिना. लांब वेल्ड केलेला रूळ असतो, एका ठरावीक तापमानाच्या वर गेला की त्याला हातच लावायचा नसतो, गिट्टी मोकळी केली की रूळ सापासारखा बाजूला पळतो. दुपारी बारा ते पाच विसरून जायचं. पावसाळ्यात कन्हान, वैनगंगा, वर्धा फुगलेल्या, पुलावरच्या धोक्याच्या खुणेवर डोळे लावून बसलेला माणूस असतो तिथं, कामाचं नावच नाही. उरले ऑक्टोबर ते मार्च. त्यात दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, तेव्हा ब्लॉक नाही. ६ डिसेंबरला मुंबईच्या जादा गाड्या, तेव्हा नाही. दिवाळी, छठ नाही. हिवाळी अधिवेशनाचा आठवडा नाही म्हणतात. मग उरतं काय, लग्नसराई. म्हणून प्रत्येक लग्नात एक मामा बडनेऱ्याला राहतो.

तर्री_पोहे

मामाले वाचून दाखवतो 😂

सदर_कॉर्नर

सगळं पटलं तरी एक गोष्ट कुणी बोलत नाहीये. कोळसा. एप्रिल-मे २०२२ मध्ये वीज टंचाई झाली तेव्हा कोळशाच्या रेकला वाट मिळावी म्हणून पॅसेंजर गाड्या रद्द केल्या की नाही? केल्या, आणि त्यात छत्तीसगडकडच्या जास्त. मग आता तिसरी लाइन, चौथी लाइन म्हणता ती माझ्यासाठी का मालगाडीसाठी? माणसं वळवा, कोळसा सरळ न्या, असा कारभार आहे. ब्लॉकमध्ये पॅसेंजर रद्द आणि ब्लॉक सुटल्याबरोबर पहिल्यांदा कोण जातं ते कामठी रोडला फाटकापाशी उभं राहून बघा.

लाल_बावटा

सदर कॉर्नर, अर्धं खरं आहे तुमचं. कमाई मालगाडीतूनच होते, ते कुणी लपवत नाही. पण कोळसा थांबवला तर कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरला काय जाळायचं? मालगाडी बाजूला काढायलाच तर तिसरी लाइन हवी. आज काय होतं, पुढं मालगाडी पन्नासनं चाललेली, मागं एक्सप्रेस, आणि ओव्हरटेक द्यायला पुढच्या स्टेशनात लूप रिकामी नाही. मग दोघी उभ्या.

सदर_कॉर्नर

काका, तिसरी लाइन झाल्यावर मेमू वाढतील असं लिहून देता का? नाही ना. झालं मग.

लाल_बावटा

लिहून मी माझ्या पेन्शनचंही देऊ शकत नाही बाबा.

अजनी_लोको

प्राजूताई, तुमच्या मूळ प्रश्नाकडं येतो, मला हे नियम बऱ्यापैकी पाठ आहेत कारण घरात सगळ्यांची तिकिटं मीच काढतो.

पहिलं म्हणजे स्वतःहून तिकीट कॅन्सल करू नका. केलं की नेहमीसारखे पैसे कापतील, गाडी वळली याच्याशी त्या बटणाला काही देणंघेणं नाही. गाडी वळली आणि तुमच्या बोर्डिंग स्टेशनला आलीच नाही तर टीडीआर भरायचा, गाडीच्या नेहमीच्या सुटायच्या वेळेपासून ७२ तासांच्या आत. कारणांची मोठी यादी येते, त्यात ‘गाडी वळवली व बोर्डिंग स्टेशनवर आली नाही’ या अर्थाचं कारण वेगळं आहे, तेच निवडा, बाकीच्यात गेलात तर अडकाल. उतरायचं स्टेशन सुटत असेल तर त्याचंही वेगळं कारण आहे. गाडी पूर्ण रद्द झाली तर ई-तिकिटाचे पैसे आपोआप येतात, काही भरावं लागत नाही. फक्त ऑनलाइनची कन्व्हिनियन्स फी गेली ती गेली. काउंटरचं तिकीट असेल तर मात्र पैसे घ्यायला तिकीट घेऊन खिडकीवर जावं लागतं.

आणि ‘तीन तासांपेक्षा जास्त लेट’वालं कारण वेगळं, त्यात गाडी तुमच्या स्टेशनवरून प्रत्यक्ष सुटायच्या आधी टीडीआर भरावा लागतो. लोक हे दोन एकत्र करतात आणि मग पैसे परत येत नाहीत म्हणून ओरडतात.

पण मी तुमच्या जागी असतो तर पैसे परत घेतले नसते, गाडी गाठली असती. कुठं ते सांगतो. वळवलेली गाडी मूळ मार्गाला कुठं परत मिळते ते बघायचं. तुमची बल्लारशाला मिळतेय. बल्लारशा मूळ मार्गावरही आहे आणि वळवलेल्या मार्गावरही. म्हणजे बोर्डिंग बदलून बल्लारशा करा. हे यासाठी भारी आहे की उद्या ब्लॉक पुढं ढकलला आणि गाडी नेहमीसारखी नागपूरवरूनच आली, तरी ती बल्लारशाला जाणारच, तुमचे बर्थ शाबूत. गोंदियाला चढायचा विचार करू नका, गोंदिया मूळ मार्गावर नाही, सिस्टीम ते बोर्डिंगला देणारच नाही, आणि बोर्डिंगला तुम्ही दिसला नाहीत तर टीसी बर्थ दुसऱ्याला देऊन मोकळा. एकच लक्षात ठेवा, बोर्डिंग बदललं की नागपूरला चढायचा हक्क गेला.

खामल्याची_प्राजू

अजनी लोको, तुम्ही देवमाणूस आहात. हे बल्लारशाचं डोक्यातच आलं नव्हतं. बल्लारशापर्यंत कसं जायचं पण, वर्ध्याकडच्या गाड्यांचा तर त्याच दिवसांत खेळखंडोबा असणार?

चांदा_फोर्ट

एसटीनं या ना. नागपूर-चंद्रपूर बस दिवसभर आहेत, बुटीबोरी-जाम-वरोरा करत. चंद्रपूरहून बल्लारशा पंधराएक किलोमीटर, ऑटो, बस काही पण मिळते. म्हाताऱ्या माणसांना घेऊन असाल तर शेवटच्या बसच्या भरवशावर राहू नका, दुपारीच निघा.

आणि एनटीईएसवर, म्हणजे गाडी कुठं आहे ते दाखवणाऱ्या रेल्वेच्या ॲपवर, जी वेळ दाखवेल तिच्यावर जाऊ नका. जबलपूरहून नैनपूर-बालाघाट, पुढं गोंदिया-नागभीड, हे सगळं सिंगल लाइनवर आहे, गाडी कुठंही क्रॉसिंगला अडकते. मधल्या काळात ॲपवर गाडी हललेलीच दिसत नाही, आणि अचानक एकदम नागभीड सोडल्याचं दाखवतं. आम्ही इथं लाइनीच्या शेजारी राहतो, आम्हाला ॲपच्या आधी हॉर्नवरून कळते. थांबा नसलेल्या स्टेशनांवर चहा मिळणार नाही, जेवण गाडीवाल्यांकडचं संपलेलं असेल, कारण त्यांचा माल नागपूरला चढतो आणि नागपूर तर आलंच नाही. तुम्ही बल्लारशाला चढताना डबा सोबत घेऊनच चढा, आधीपासून बसलेल्यांसाठी दोन पोळ्या जास्त घेतल्या तर दुवा देतील.

गोंदियाकरीण

एप्रिल २०२५ मध्ये गोंदिया-बल्लारशा दुहेरीकरण मंजूर झालं ना, २४० किलोमीटर. म्हणजे तुमची वळवायची लाइन पण आता खोदणार. मग ती लाइन बंद असताना गाड्या कुठून वळवणार? नागपूरवरून! 😀

चांदा_फोर्ट

होय, आणि त्यात जंगल. नागभीड, वडसा, वाघ. काम सरळ नाही जाणार.

अकोट_फाइल

विषय निघालाच आहे तर मी माझं तुणतुणं वाजवतो. अकोला-खंडवा ब्रॉडगेज झाली असती तर हैदराबाद-पूर्णा-अकोल्याहून वर जाणाऱ्यांना आणखी एक वाट मिळाली असती, नागपूर-वर्ध्यावरचा भार कमी झाला असता. पूर्णा ते अकोला झालं, अकोट झालं, पुढं मेळघाट आला आणि आखणीच बदलावी लागली. मेळघाटातून जाऊ नये हे मला मान्य आहे, तिथून रात्री मालगाड्या पळवायच्या म्हणजे वाघांचा सत्यानाश. पण मग बाहेरून वळसा घालणारी लाइन तरी पटकन करा ना. वर्षं चालली.

गर्डर_आणि_गिट्टी

आणि यादी अजून वाढलीय. जुलै २०२५ मध्ये इटारसी-नागपूर चौथी लाइन मंजूर झाली, ऑक्टोबरमध्ये वर्धा-भुसावळ तिसरी-चौथी, ३१४ किलोमीटर, आणि गोंदिया-डोंगरगड चौथी. म्हणजे नागपूरच्या तिन्ही बाजूंनी काम. आम्हाला कामाची चिंता नाही, तुम्हाला मेसेजची.

सदर कॉर्नर, तुमच्या घराजवळचंच उदाहरण देतो. गड्डीगोदामला खाली रस्ता, वर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि त्याच्यावर मेट्रो. लोक खालून फोटो काढतात. पण रुळांच्या वर तो लोखंडी सांगाडा चढवायला ब्लॉक लागलेच होते, तेव्हा तुम्ही चिडला असाल, आता पाहुण्यांना तोच दाखवायला नेता.

सदर_कॉर्नर

नेतो, का नाही नेणार, आपलंच आहे. पण त्या उड्डाणपुलासाठी कामठी रोड किती वर्षं खणलेला होता तेही पाहुण्यांना सांगतो.

मोर्शी_संत्रा

मला प्राजूताईंचा मूळ मुद्दा पुन्हा वर आणायचाय, नाहीतर कोळसा, वाघ आणि मामा यात तो बुडेल. मेसेजमध्ये सुटलेली स्टेशनं लिहा. आणि माझी एक भर, वळवलेली गाडी ज्या स्टेशनवर क्रॉसिंगला तशीही उभी राहणार आहे तिथं तेवढ्या दिवसांपुरता थांबा द्या. लांबच्या गाडीचे लोक खाली उतरून दूध-पाणी घेऊ शकतील, आमचे लोक चढू शकतील. काही ब्लॉकमध्ये असे तात्पुरते थांबे देतात सुद्धा, मग सगळ्यात का नाही?

लाल_बावटा

थांबा द्यायचा तर तिकीट खिडकी, पाणी, प्लॅटफॉर्मची लांबी, आरपीएफ, सगळं आलं. पण मोर्शी, वरूड, नरखेड, वडसा, नागभीड अशा मोजक्या ठिकाणी सहज होऊ शकतं, तिथं बाकी गाड्या थांबतातच. मागणी करताना गावांची नावं घालून करा, ‘सोय करावी’ असं मोघम लिहिलं की फाइल फिरत राहते. आणि एनआयच्या तारखा, कामाचं नाव टाकून लिहा. आम्ही आत असताना अशीच पत्रं वर सरकायची.

मेसेजचं काम तर ऑफिसात बसून होण्यासारखं आहे, त्याला ब्लॉक लागत नाही.

गोंदियाकरीण

पत्रात मेमू घाला काका. ब्लॉकमध्ये मेमू रद्द करायचीच असेल तर तेवढे दिवस पासवाल्यांना एका एक्सप्रेसच्या जनरल डब्यात बसू द्या, तुमसर, भंडारा रोड, कामठीला तिला थांबवा. एवढं एकच वाक्य.

लाल_बावटा

घालतो. तुमसर रोड, भंडारा रोड, कामठी. सकाळची कोणती आणि संध्याकाळची कोणती गाडी चालेल ते तू सांग, वेळा तुम्हा लोकांना जास्त माहीत.

गोंदियाकरीण

रात्री घरी पोचले की टाकते. डब्यातल्या बायकांना विचारून.

खामल्याची_प्राजू

अपडेट. बोर्डिंग बल्लारशा केलं, झालं पटकन. चंद्रपूरच्या बसमध्ये जायचं ठरलंय, दुपारी निघू. मावशी म्हणते चंद्रपूरला जाऊनच राहिलो तर महाकालीचं दर्शन करून घेऊ, म्हणजे आता सकाळीच निघावं लागणार. चांदा फोर्ट, महाकाली मंदिरापासून बल्लारशा स्टेशनला सामान घेऊन ऑटोनं जायला किती वेळ धरायचा, आणि ऑटोवाला साधारण काय घेतो?

चांदा_फोर्ट

अर्धा तास ठेवा, बाजाराचा दिवस असेल तर पाऊण. भाडं बसायच्या आधी ठरवा, मीटर कोणी टाकत नाही. निघालात की इथं लिहा, गाडी नागभीड सोडली का ते मी सांगतो.